नवख्यांचा किनारा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण माझ्या पोटात एक अख्खे बेट आहे. त्यावर डोंगर आहेत, अस्वले आहेत, वादळे येतात. तुम्ही आपापल्या घरी पडद्यासमोर बसून ज्या बेटावर उतरता, लाकडे तोडता, घर बांधता आणि एकमेकांशी लढता, ते सगळे ज्या यंत्रात चालते, त्याला सर्व्हर म्हणतात. तो मी.

माझा जन्म कारखान्यातला. उमेदीची वर्षे मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत घालवली. तिथे माझे फार कौतुक होई. पुढे माझ्याहून चपळ यंत्रे आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलून आणले ते चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या बहीणभावाने. बहीण लोकांचे डोळे तपासायची, भाऊ मागच्या खोलीत भिंगे घासायचा. त्याच खोलीत, भिंगांच्या खोक्यांशेजारी, त्यांनी मला टेबलावर बसवले आणि माझ्यात ते बेट भरले. पहिल्या दिवसांत काय गर्दी उसळली म्हणून सांगू! माझे पंखे घोंघावू लागले की मला जिवंत असल्यासारखे वाटे.

पण हळूहळू बेट ओस पडू लागले. त्याला कारण होता किनारा. नवा माणूस बेटावर आला की हातात एक दगड घेऊन किनाऱ्यावर उभा राहतो. मागच्या खडकांआड जुन्या खेळाडूंची टोळी आणि तिचा कप्तान दबा धरून असत. अंगात लोखंडी चिलखते, हातात धनुष्ये. नवख्याने इकडेतिकडे पाहायच्या आत बाण सुटे. तो पुन्हा किनाऱ्यावर जन्म घेई, पुन्हा बाण खाई, आणि वैतागून कायमचा निघून जाई. आले, मेले, गेले. माझ्याजवळ नुसती नावे उरत.

एके दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, रोज तीच तीच माणसं येतात. बंद करू या का हे? इथे भिंगं घासायचं दुसरं यंत्र मावेल."

माझ्या काळजात चर्र झाले. पुन्हा जिना नशिबी येणार होता.

त्याच सुमारास गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली त्यांची मावशी राहायला आली. तिने इस्पितळाच्या टेलिफोनवर सारी नोकरी काढली होती. दिवसभर एकटी बसून कंटाळेल म्हणून भाच्याने तिची खुर्ची मागच्या खोलीत आणली आणि तिला बेटावर उतरवून दिले.

"अरे, मी पुन्हा मेले का?" मावशीने विचारले.

"हो, मावशी."

"चालेल. गुडघा तरी दुखला नाही."

ती मरत राहिली, पण गेली नाही. आपल्यासोबत आणखीही कोणीतरी कोसळते आहे, हे तिच्या ध्यानात आले. तिने कानाला लावलेला माईक तोंडाशी ओढला आणि जन्मभराच्या सवयीने शांतपणे विचारले, "हॅलो, आत्ता ज्यांच्या डोक्यात बाण बसला, ते कोण बोलताय?"

मग एक घोगरा आवाज आला, "मी. ट्रक चालवतो. गाडीत माल भरेपर्यंत खेळत बसतो."

"आणि आम्ही दोघी," दुसरीकडून आवाज आला. त्या कॉलेजातल्या जुळ्या बहिणी होत्या.

"जाऊ नका," मावशी म्हणाली. "लाइनवर राहा."

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी नवखा गेला नाही.

हे पाहून बहिणीला धीर आला. तिने माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नियम सुचवला, "नव्या माणसाच्या स्वतःच्या घराचं पहिलं दार उभं राहीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

कप्तान उसळला नाही. तो खेळाडू पट्टीचा होता आणि बोलणेही सरळ. "ताई, आम्हीपण मार खाऊनच शिकलो. आम्हाला कुणी कडेवर घेतलं नव्हतं. नियम आला तर माझी सगळी माणसं दुसऱ्या बेटावर जातील."

भावाचा चेहरा उतरला. टोळी गेली तर उरणार कोण?

"कप्तान, मार खायला माझी ना नाही," मावशी मध्येच बोलली. "पण आपलं काय चुकलं, हे कळण्याइतका तरी वेळ मिळावा. आठवडाभर आम्हाला हात लावू नका. रविवारी दुपारी सगळे या; जो एकदा पडेल तो त्या दिवसापुरता बाद. सूर्य मावळेपर्यंत आम्ही दीपगृहाचा खडक राखला, तर नियम लागू. नाही राखला, तर तुमचं खरं."

टोळीत हशा पिकला. कप्तान म्हणाला, "ठरलं."

तो आठवडा काय विचारता! नवखे थंडीने गारठले, अस्वलाच्या तावडीत सापडले, कच्चे मांस खाऊन आजारी पडले. पण दर मरणातून काहीतरी शिकत गेले. ट्रकचालकाला भिंती रचण्याची नामी हातोटी साधली. जुळ्यांचे बाण अचूक बसू लागले. त्यांतल्या एकीला कुठेतरी लोखंडी चिलखत सापडले. ते घालून ती ऐटीत खाडीत उतरली आणि दगडासारखी तळाशी गेली.

"बुडालीस?" मावशी एकदम ताठ बसली. "लोखंड घालून पोहता येत नाही?"

दीपगृहाच्या खडकाभोवती पाणी होते आणि तिथे जायला एकच लाकडी पूल.

रविवारी दुकान बंद होते. बेटावर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. निघून गेलेले कितीतरी जण नुसते पाहायला परत आले होते. टोळी धडधडत पुलाशी आली आणि त्याच क्षणी मावशी म्हणाली, "ट्रकवाले दादा, पेटवा."

पूल भडकला. टोळी काठावर थबकली. आता पोहून जायचे तर चिलखते उतरवणे भाग होते. ती आणि पाण्यात निकामी होणारी धनुष्ये धडाधड वाळूवर पडली आणि माणसे पाण्यात शिरली. अंगात साधे कपडे, हातात कुऱ्हाडी. आता दोन्ही बाजू सारख्या होत्या.

"धाकटी, डावीकडे दोघं. थोरली, तू दारात. दादा, मागची भिंत पडतेय." मावशीचा आवाज जराही चढत नव्हता. बाण, आगीचे लोळ, कोसळणाऱ्या भिंती, सगळे मलाच एकाच वेळी सांभाळायचे होते. मी तापलो. माझ्या अंगातून करपल्यासारखा वास येऊ लागला.

"हा बंद पडला तर सगळं मुसळ केरात," बहीण म्हणाली. तिने माझे झाकण उघडले आणि भावाने टेबलावरचा पंखा उचलून माझ्यासमोर धरला. त्याचे हात भरून आले, पण त्याने पंखा खाली ठेवला नाही. मीही माझे उरलेसुरले सगळे बळ पणाला लावले. आज थांबायचे नव्हते.

जुळ्या पडल्या. ट्रकचालक दोघांना घेऊन पडला. सूर्याची नुसती कड उरली, तेव्हा खडकावर दोघेच उभे होते: घायाळ कप्तान आणि मावशी. मावशीने कुऱ्हाड चालवली. ती लागली आणि कप्तान एक पाऊल मागे सरला. मग कप्तानाने वार केला आणि मावशी कोसळली. सूर्य त्यानंतर मावळला.

नवखे हरले होते.

टोळीचा जल्लोष सुरू झाला, तोच कप्तान म्हणाला, "थांबा जरा. माझे हात थरथरताहेत."

"बरं वाटत नाहीये का?" मावशीने लगेच विचारले.

"फार बरं वाटतंय, मावशी. हरायची भीती वाटलीच नव्हती मला कित्येक दिवसांत. खडकाआडून बाण मारताना जांभया यायच्या." मग तो बहिणीला म्हणाला, "ताई, तो नियम लावा."

"अरे, पण आपण जिंकलोय ना," टोळीतला एकजण चिडून म्हणाला.

"जिंकलो म्हणूनच मला सांगता येतंय. हरलो असतो तर मी नुसता शब्द पाळला असता."

टोळीतले दोघे रागावून निघून गेले, ते परत आले नाहीत. बाकीचे राहिले. नियम लागला आणि बेट असे भरले, की भावाने माझ्यासाठी भिंतीत नवा पंखा बसवून घेतला. मावशीचा गुडघा बरा झाला. ती आपल्या घरी गेली, पण दुपारचे जेवण झाले की अजून डोंगरावर कप्तानाच्या मागावर निघते. नेम अजूनही यथातथाच आहे.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी सांगणार नाही. यंत्र आहे, कधीतरी थकेनच. पण तुमच्या खेळात, वर्गात, गल्लीत कोणी नवे आले, तर त्याला मुद्दाम जिंकवू नका. त्याला कोपऱ्यातही बसवू नका. त्याचे पहिले दार तेवढे उभे राहू द्या. मग ते ठोठवा, त्याला बाहेर बोलवा आणि जीव तोडून लढा.