आलेखातली दरी

माघाची उतरती दुपार. टेकडीवर पिवळे, पांगळे, पानगळीचे ऊन. शाल्मलीच्या निष्पर्ण फांद्यांवर रक्तवर्णी फुले, आणि खाली प्रयोगशाळेच्या तळघरात द्रव हेलियमचा गाढ, निःशब्द गारठा.

त्या गारठ्यात सोन्याचा एक कण; केसाच्या टोकावर शंभर मावतील एवढा, वेड्यावाकड्या भिंतींचा. एका कडेला अतिवाहकाचा, वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या धातूचा, काठ. कणात भरकटणारा इलेक्ट्रॉन त्या काठाला थडकतो आणि आल्या वाटेनेच परततो, पावलावर पाऊल ठेवून. पण परतते ती त्याची उणीव, इलेक्ट्रॉन नसल्याची रिकामी जागा. ही परतवाट अभंग राहिली तर कणातल्या ऊर्जापातळ्यांच्या आलेखाच्या मध्यावर एक काळी दरी उघडेल, असे ओगलेसरांनी वीस वर्षांपूर्वी कागदावर मांडले होते. लोक हसले होते.

शर्वाणी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर अंथरुणाला खिळलेले; जीव त्या दरीपाशी अडकलेला. मंगळवारी तिने उशाशी बसून सांगितले, "सर, दरी नाही दिसली."

"मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. आपण खोटे बोललो नाही, याचा तिला किंचित अभिमानही वाटला होता.

आज नोंदवही चाळताना ती सोमवारच्या पानावर अडली. मोठे चुंबकीय क्षेत्र लावून झाले की चुंबक नुसता बंद करायचा नसतो. उलट, सुलट, उलट, सुलट, दर खेपेला कमी करत शून्यावर आणायचा. हा सरांनीच घालून दिलेला रिवाज. सोमवारी मोजणीच्या घाईत ती तो विसरली होती. चुंबकात अडकून राहिलेल्या इवल्याशा क्षेत्राने परतवाट मोडली होती.

तिने चुंबक शून्यावर आणला. उलट, सुलट. सावकाश. आणि पडद्यावर दरी उघडली. काळी, खोल, नितळ, सरांनी रेखाटली होती तशीच.

ती धावली. शाल्मली मागे पडली, ओढ्यावरचा साकव मागे पडला, कण्हेरीचे कुंपण आले. दार उघडे. अंगणात चपलांचा ढीग. उंबऱ्याशी सरांच्या पत्नी, कमलिनीकाकू.

"दुपारीच गेले गं. शेवटपर्यंत सांगत होते, शर्वाणीला कुणी बोल लावू नका, पोरीनं काम चोख केलंय."

मुठीतला आलेख तिने उलगडला नाही. कुणाला दाखवणार होती?

सांज झाली. ती आल्या वाटेनेच निघाली. कण्हेर, साकव, शाल्मली. तीच वळणे, तेच दगड, पावलावर पाऊल. झाडाखाली फुले पडत होती, लाल, जड, एकेक. आणि त्यांच्यामधून टेकडी चढत गेली शर्वाणीची उणीव.