जोतीरामला काढ

धार काढ

चंद्रा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जोतीराम गवळी चरवी घेऊन तिच्या खुंट्यापाशी जाऊन बसला. सवयीनं. गुडघ्यांत चरवी, हात पुढे, आणि हातांपुढे काहीच नाही. गोठ्यातल्या बाकीच्या तीन म्हशी माना वळवून बघत राहिल्या. त्यांची धार बायकोनं, विठाबाईनं काढली.

खड्डा काढ

चंद्रा म्हणजे म्हैस. वय अठरा. दोन वर्षं आटलेली, तरी पहाटे चरवी घेऊन आधी तिच्यापाशी बसायचं आणि वैरणीचा पहिला मान तिचा. कारण पाडवा.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं, पायांत तोडे. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढे सुटतो आणि त्याची म्हैस मागे धावते. शंभर गाड्यांच्या गदारोळात तिला आपली गाडी ओळखता आली पाहिजे. चंद्रा अकरा पाडवे ओळखत आली. जोतीरामची जुनी राजदूत शिवाजी पेठेच्या तोंडाशी आली की इकडे गोठ्यात दावं ताणलं जायचं.

गगनबावडा रोडला, मेहुण्याच्या रानात जेसीबीनं खड्डा काढला. हळद, कुंकू, हिरवी साडी. जोतीराम घरी आला आणि राजदूतवर ताडपत्री टाकली.

"पाडव्याला मी न्हाई," म्हणाला.

पाडवा सहा दिवसांवर होता.

गाडी काढा

"अवो, गाडी काढा," विठाबाई म्हणाली. सोमवारी म्हणाली, मंगळवारी म्हणाली. "चंद्राची लेक हाय की. तीन वर्साची रेडी झाली. तिला घिऊन जावा."

"तिला? हाक मारली तर कान हलवत न्हाई. बहिरी हाय ती."

"मग तुमच्यावरच गेलीया."

लोक भेटायला येत होते. समोरची बाई म्हणाली, अगदी माणसासारखी होती. रोजचं गिऱ्हाईक कृष्णात म्हणाला, माणसं कुठं एवढी गुणाची असत्यात. तालमीच्या पोरांनी दंडाला काळी फीत बांधून फुटबॉलची सरावाची मॅच खेळली आणि चार-शून्यनं हरली. दुःखामुळं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

जोतीराम सगळ्यांना चहा पाजत होता आणि ताडपत्रीकडं बघत नव्हता.

फोटो काढ

शमशुद्दीन मिस्त्री हा जोतीरामचा शाळेपासूनचा दोस्त. गॅरेज त्याचं. दर पाडव्याला राजदूतचा आवाज मागच्या पाडव्यासारखाच लावून द्यायचं काम त्याचं. त्यानं ठरवलं, चंद्राचा फ्लेक्स लावायचा. फोटो एकच सापडला, गेल्या वर्षीचा. सजलेली चंद्रा आणि शेजारी फेटा बांधलेला जोतीराम. तो फोटो आणि आवाजातला एक निरोप त्यानं फ्लेक्सवाल्याला पाठवला:

"भावा, पाडव्याच्या सकाळी चौकात पायजे. वर भावपूर्ण श्रद्धांजली. खाली लिही, जोतीराम गवळींची चंद्रा, पाडव्याची शान, सकाळ-संध्याकाळ चौदा लिटर, कुणाला कधी शिंग लावलं नाही. आणि त्या फोटोतला जोतीराम काढ."

काढ म्हणजे पुसून टाक.

काढ म्हणजे उचल आणि वापर.

फ्लेक्सवाल्यानं दुसरा अर्थ घेतला. फोटोत माणूस, मजकुरात बाईचं नाव, हे त्याला खटकलं. तेही त्यानं आपल्या मनानं दुरुस्त केलं.

(फ्लेक्स, दहा बाय आठ, फोटोत फेट्यातला जोतीराम एकटाच)

भावपूर्ण श्रद्धांजली
कै. जोतीराम चंद्रा गवळी
पाडव्याची शान
सकाळ-संध्याकाळ चौदा लिटर
कुणाला कधी शिंग लावलं नाही
शोकाकुल : शमशुद्दीन मिस्त्री व समस्त मित्रपरिवार

गळा काढ

सकाळी सातला कृष्णात चौकात उभा राहून वाचत होता. "चौदा लिटर? आन् कधी वास आला न्हाई लगा!" डोळे पुसत त्यानं कोपऱ्यावरून झेंडूचा हार आणला आणि फ्लेक्सला घातला. कुणीतरी मोबाईलवर फोटो पुढं पाठवला. साडेसातला तो गडहिंग्लजला पोचला. दहाला गडहिंग्लजहून जोतीरामची बहीण तानाबाई एस्टीनं येऊन पोचली. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं गळा काढला.

"अण्णाऽऽ! उद्या भाऊबीजंला मी कुणाला ववाळू रंऽऽ!"

अण्णा दारात बशीतला चहा फुंकत उभा होता.

"तानी, उद्या हाय न्हवं भाऊबीज? आजच आलीस व्हय?"

तानाबाई थांबली. त्याच्याकडं नीट बघितलं. मग आधीपेक्षा मोठ्यानं रडली आणि हातातली करंज्यांची पिशवी त्याच्या पाठीत घातली.

तोवर दारात वीस माणसं जमली होती. एकानं मडकं आणलं होतं. ते तो आता पाठीमागं लपवत होता. सगळ्यांच्या मागं शमशुद्दीन मान खाली घालून उभा.

"चुकलं लगा. मी काढ म्हणालो. त्यानं काढला."

जोतीरामचा फोन वाजत होता. उचलून तो म्हणायचा, "मीच बोलतोय," आणि पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवायचा.

"आता कुणाकुणाला सांगू मी?"

विठाबाई पुढं झाली आणि ताडपत्री ओढून काढली.

"गाडी काढा. आख्ख्या पेठंला ऐकू गेलं पायजे."

"चंद्राबिगर?"

तिनं कपाळावर बोट ठेवलं. "मग हे कुंकू पुसू व्हय? चौकात तर लिवलंयच."

जोतीरामनं चंद्राच्या रिकाम्या खुंट्याकडं बघितलं. बशी खाली ठेवली. शमशुद्दीनच्या हातात पाना कधी आला कुणाला कळलं नाही. दोन मिनिटांत सायलेन्सर जमिनीवर होता.

एक किक.

काही नाही.

दुसरी किक.

फट्

फट् फट् फट् फटफटफट

आणि त्या आवाजाच्या आतून दुसरा एक आवाज. गोठ्यातला. दावं तुटल्याचा.

रेडी बाहेर आली. ती बहिरी. शिंगांना रंग नाही, मोरपीस नाही, अंगाला शेण. मडकंवाला भिंतीला चिकटला. जोतीरामनं मागं वळून बघितलं, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून पाडव्याची आरोळी निघाली.

"हल्याऽऽ!"

पुढं राजदूत, मागं रेडी, तिच्या मागं चपला हातात घेतलेली तानाबाई, मग विठाबाई, मिस्त्री, गल्ली. गॅलऱ्यांतून बायका ओरडत होत्या, "जित्ता हाय! जित्ता हाय!" सजवलेल्या म्हशी घेऊन निघालेले लोक बाजूला होऊन शिट्ट्या मारत होते.

चौकात, स्वतःच्या फोटोखाली जोतीरामनं गाडी थांबवली. रेडीही थांबली. मागच्या सीटवर तिनं हनुवटी टेकवली आणि नाकानं भस्सकन श्वास सोडला. चंद्राही अशीच टेकवायची. जोतीरामचा हात तिच्या मानेवर गेला आणि तिथंच राहिला.

"बहिरी न्हवं ही," तो म्हणाला. "हिला माझी हाक नको, गाडीची पायजे."

"पोरीनं आईचं नाव काढलं की रं, अण्णा!" तानाबाई धापा टाकत म्हणाली.

रेडीनं मान वर केली, फ्लेक्सवरचा झेंडूचा हार हुंगला, आणि फोटोतल्या जोतीरामच्या गळ्यातून ओढून तो खायला लागली. सावकाश. शेवटची दोन फुलं ओठाबाहेर लोंबत होती.

शमशुद्दीननं मोबाईल वर धरला. मग थबकला. आज एक चूक झाली होती.

"काढू?" त्यानं विचारलं.

"काढ," जोतीराम फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "पर ह्या खेपंला दोघंबी ऱ्हाऊ देत."