आत्याबाईला मिशा

नियम

मिक्सिंग चालू असताना कॉम्प्युटरचा पडदा बंद. हा स्टुडिओचा नियम होता. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं दादा म्हणायचा, आणि सिनेमावाले ते बाहेर जाऊन सांगायचे. एका संगीतकाराने तर हे वाक्य मुलाखतीत स्वतःच्या नावावर खपवलं.

स्टुडिओ दोघा भावंडांचा. धाकटी रेकॉर्डिंग करायची, आवाज कापायची, जोडायची, कॉम्प्युटर सांभाळायची, गिऱ्हाइकांची मनं राखायची. शेवटचं मिक्सिंग दादाचं: संवाद, पावलं, वारा, संगीत यांना एका घरात नांदायला लावायचं, कुणी कुणावर ओरडता कामा नये.

नियम खरा होता, कारण खोटं होतं. दादाच्या नजरेला मधोमध भोक पडलं होतं. कडेचं दिसायचं. दाराची चौकट, येणाऱ्याचे खांदे, पायरी, रस्त्याची कड. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब. म्हणून माणसाशी बोलताना तो जरा बाजूला, भिंतीकडे बघायचा, म्हणजे माणूस कडेला तरी सापडायचा. लोक म्हणत, मोठा झालाय, तोंडाकडे बघतसुद्धा नाही.

डॉक्टरांना माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. धाकटीला नाही.

बोर्ड

मिक्सिंगच्या बोर्डाचं नाव आत्याबाई. धाकटीनेच ठेवलेलं, कारण आत आणताना दाराची चौकट काढावी लागली, आणि एकदा बसली ती कुणासाठी जागची हलली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने वळसा घालून जायचं.

आवाज आत्याबाईतून जात नाही. आवाज कॉम्प्युटरमध्ये असतो, आत्याबाई म्हणजे त्याचे नुसते हात. तिच्या अंगावर वर-खाली सरकणारे खटके असतात, त्यांना फेडर म्हणतात. फेडर वर केला की आतला आवाज चढतो. आणि उलटंही होतं. कॉम्प्युटरने आवाज उतरवला की फेडर आतल्या मोटारीने आपला आपण खाली येतो, भूत सरकवतंय असं वाटतं. पाहुण्यांना ते बघायला फार आवडायचं.

दादाचा संसार या उलट्या गोष्टीवर चालला होता. बोटं नुसती टेकवली की फेडर सांगायचे, कोण किती वर आहे, कोण दबलाय. कुठला फेडर कुणाचा, हे खाली चिकटवलेल्या पट्टीवर पूर्वी तो लिहायचा. आता लिहीत नव्हता. संवादाच्या खाली कपड्याचं एक बटण चिकटवलेलं होतं, पावलांखाली दोऱ्याची गाठ, वाऱ्याखाली पॉलिश पेपरचा तुकडा. वहिनीचं काम. धाकटीला वाटायचं, दादाचे चोचले.

नवी आवृत्ती

दिग्दर्शिकेचा सिनेमा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत आला. जुन्या आवृत्तीत तो उघडेना. धाकटीने नवी टाकली. सिनेमा उघडला आणि आत्याबाई गेली. म्हणजे वीज होती, दिवे होते, पण फेडर हलवा नाहीतर उपटून काढा, आत कुणाला पत्ता नाही.

मग पत्रव्यवहार.

बोर्डाची कंपनी: आमचं यंत्र ठणठणीत आहे. कृपया सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा.

सॉफ्टवेअरची कंपनी: नव्या आवृत्तीत दोष नाही. कृपया बोर्डवाल्यांना विचारा.

बोर्डाची कंपनी: हे मॉडेल आम्ही बंद केलं आहे. नवं काचेचं मॉडेल पाहावं.

सॉफ्टवेअरची कंपनी: जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल. मात्र नवं काम तिथे उघडणार नाही.

बोर्डाची कंपनी: आमची सेवा कशी वाटली? तारे देऊन कळवा.

धाकटीने एक तारा दिला, तोही नाइलाजाने, कारण शून्याची सोय नव्हती. म्हणाली, सासू वाईट की सून वाईट, निकाल लागायचा नाही, तोवर चूल मात्र बंद. वर्गणी भरणारे आपण, मजा यांची. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

दादा हसला. जरा उशिरा हसला.

मिशा

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. धाकटीने मिशा लावल्या.

इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने युक्ती लिहिली होती. बोर्ड चालू करताना अमुक दोन बटणं दाबून धरायची. मग तो कॉम्प्युटरला आपली ओळख दुसऱ्याच कंपनीचा, जास्त खपणारा बोर्ड म्हणून करून देतो. सॉफ्टवेअर त्या कंपनीला ओळखतं. फसतं. धाकटीने बटणं दाबली, दिवे लुकलुकले, आणि तिने आतल्या खोलीत हाक मारली की काका आले.

दादा आला. संवादाखालचं बटण चाचपलं, वरचा फेडर सरकवला. संवाद चढला. त्याने दीर्घ श्वास सोडला आणि धाकटीच्या डोक्यावर टपली मारली. मग सिनेमा पहिल्यापासून लावला आणि बोटं टेकवून वाट बघत बसला.

फेडर हलले नाहीत.

आवाज चढत होते, उतरत होते, फेडर जिथल्या तिथे. आत्याबाईचं बोलणं सॉफ्टवेअरला ऐकू जात होतं. सॉफ्टवेअरचं उत्तर आत्याबाईपर्यंत पोचत नव्हतं. धाकटीने केबल बदलल्या, सेटिंग बदललं, मिशा काढून दाढी लावून पाहिली. काही नाही. एका बाजूने बोलणं सुरू झालं हेच पुष्कळ, असं तिला वाटलं. ती सहज म्हणाली, फेडर नाही हलला तर नाही, आवाज कुठे आहे ते पडद्यावर दिसतंच की. चार दिवस नियम गुंडाळून ठेव.

दादा म्हणाला, बघू.

मग तिने काचेच्या नव्या बोर्डाची माहिती वाचून दाखवली. फेडर नाहीत, मोटार नाही, सगळं सपाट. काचेवर चित्रं असतात, त्यांवर बोट ओढायचं. पुसायला सोपं.

दादाने टेबलाच्या काचेवर बोट फिरवून पाहिलं. इथून तिथपर्यंत सारखंच लागलं.

तालीम

घरी, दाढी करताना, आरशाच्या बाजूला बघत:

पहिला टेक. धाकटे, एक सांगायचंय. मला पडदा दिसत नाही. (फार सपाट. पुन्हा.)

दुसरा टेक. अगं, वय झालं की माणसाचे डोळे... (खोटं. चष्म्याचं समजेल, दुकानात घेऊन जाईल.)

तिसरा टेक. मी काम सोडतोय. गुडघे दुखतात.

तिसरा वहिनीने सुचवलेला. ती म्हणाली, गुडघ्यांवर कुणी शंका घेत नाही.

राहू दे

दिग्दर्शिका दुपारी आली. हा तिचा दादाबरोबरचा तिसरा सिनेमा, आज शेवटचं ऐकायचं आणि हो म्हणायचं. ती पुढे सोफ्यावर बसली, भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे तोंड करून, या लोकांकडे पाठ. धाकटीने सकाळी येऊन कॉम्प्युटरचा पडदा स्वतः चालू करून ठेवला होता. दादा आला तेव्हा तिने त्याला तसं सांगितलंही, पण तो कोट काढत होता आणि खुंटी शोधत होता.

सिनेमात एक बाप आहे. मुलगी घर सोडून निघालीय. अंगणात पाण्याचा पंप चालू आहे. बाप पंपाच्या आवाजाआड, ऐकू येईल न येईल असं, दोन शब्द म्हणतो. सगळा सिनेमा त्या दोन शब्दांसाठी आहे. धाकटीने ते आधीच नीट खाली बसवले होते. दादाला फक्त केसभर उचलायचे होते.

त्याने बटण चाचपलं. फेडरवर बोट ठेवलं. आतला आवाज खाली होता. पण फेडरला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तो मागच्या प्रसंगात जिथे सोडला तिथेच, पार वर होता. बोट लागलं मात्र, आत्याबाईने आपली जागा सॉफ्टवेअरला कळवली, आणि पंप चालू आहे, मुलगी पिशवी उचलतेय, बाप तोंड उघडतो आणि हळूच

राहू दे

खोलीच्या काचा थरथरल्या. दिग्दर्शिकेने खांदे आकसले. तिने मान वळवली नाही, तिसऱ्या सिनेमाची माया होती. विचारलं, "लाल लागला का हो दादा?"

म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेला की पडद्यावर लाल दिवा लागतो, तो.

दादाने पडद्याकडे तोंड केलं. "लागला. बघतोय मी. उतरवतो."

धाकटी मागे चहाचे कप घेऊन उभी होती. पडदा काळा होता. बराच वेळ कुणी माउसला हात लावला नव्हता, म्हणून तो आपला आपण झोपला होता.

तिने एक कप दादाच्या तोंडासमोर, बरोबर मधोमध धरला. दादा त्या कपातून आरपार बघत राहिला. मग वास आल्यावर म्हणाला, "चहा आला वाटतं," आणि हात कडेला नेला.

धाकटीने बोर्डाकडे पाहिलं. बटण. गाठ. पॉलिश पेपर. एकेक बघत गेली. मग दिग्दर्शिकेला म्हणाली, आत्याबाईंची तब्येत जरा बरी नाही, तुम्ही पाय मोकळे करून या.

बंद ठेवलेला ट्रॅक

दार लागलं.

"पडदा झोपलाय, दादा."

"नियमच आहे ना आपला."

"नियम आज मी मोडलाय. तू आत्ता झोपलेल्या पडद्यात लाल दिवा बघितलास."

दादा वाऱ्याचा फेडर खाली-वर करत राहिला. कुठेच काही चालू नव्हतं.

"कधीपासून?"

"ते बटण लागलं तेव्हापासून. म्हणजे त्याच्याही थोडं आधी."

"ते माझ्या कोटाचं बटण आहे," धाकटी म्हणाली. "वहिनीने मागून घेतलं. मला वाटलं, तुझ्या शर्टाला लावायला. कोट मी दोन हिवाळे बटणाशिवाय घातला."

मग बोलणं सुटलं. तिने सगळी उजळणी केली. लोकांना ती सांगत फिरली होती, डोळे उघडे असले की कान आळशी होतात. शिकाऊ मुलांना वर्गात सांगितलं होतं. दादा म्हणाला, ते खरंही आहे. ती म्हणाली, आता नको. त्याने विचारलं, काचेचा बोर्ड आणला असतास तर मी काय करणार होतो, ठाऊक आहे? गुडघ्यांचं निमित्त. तिला एकदम हसू आलं आणि त्याचाच राग येऊन ती कपाटाकडे गेली.

कपाटाच्या तळाशी जुना कॉम्प्युटर होता. कधीच इंटरनेटला न जोडलेला, जुन्या आवृत्तीचा, धूळ खात पडलेला. तिने तो टेबलावर आपटला. आत्याबाईच्या मिशा काढल्या, जुनी केबल लावली. आत शेवटचं जे काम होतं तेच उघडलं, दादाचाच एक जुना सिनेमा.

फेडर उठले. सगळे एकदम जागे झाले आणि आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

दादाने बोटं टेकवली. फेडर त्याच्या बोटांना घेऊन वर गेले, खाली आले. तेव्हाचा हात त्याचाच होता, सगळं दिसत होतं तेव्हाचा. बराच वेळ तो त्या हाताबरोबर फिरला.

"उशीर करायचो," तो म्हणाला. "बघ, वाक्य सुरू झाल्यावर उचलतोय. ओठ हलायची वाट बघायचो मी. आता श्वासावर उचलतो."

"माझी समजूत काढू नकोस," धाकटी म्हणाली.

तिने त्याच्याकडे पाठ करून हिशेब मांडला. नव्या सिनेमाचा एकेक आवाज सुटा करून जुन्या कॉम्प्युटरमध्ये न्यायचा. तिकडे दादा हाताने मिक्स करणार, मग ती ते परत आणून जोडणार. दिग्दर्शिकेने एक प्रसंग जरी बदलला तरी सगळं पहिल्यापासून. आणि जुना कॉम्प्युटर किती दिवसांचा सोबती, कुणी सांगावं.

"हा सिनेमा करू. पुढच्याचं मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

"आणि बाहेर गेलीय तिला का थांबायचंय, ते तू सांगायचंस. गुडघे नाहीत. मी इथेच उभी आहे."

"तिने काम काढून घेतलं तर?"

धाकटी केबलची भेंडोळी सोडवत राहिली.

शेवट, एकच टेक

जिन्यावर पावलं वाजली. दादाने ती ओळखली, उजवा पाय जरा जड. दार उघडलं. दिग्दर्शिकेने दारातूनच विचारलं, आत्याबाई बऱ्या आहेत का?

दादा उठून उभा राहिला. एक हात बोर्डावर, बटणापाशी.

"मॅडम, बसा. आत्याबाईंना काही झालेलं नाही. मला झालंय."

ती सोफ्याच्या कडेवर बसली. खोलीत कुठलाच ट्रॅक चालू नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता, धाकटीच्या हातातल्या केबलची खरखर थांबली होती. आणि हे सांगताना दिग्दर्शिकेचा चेहरा आपल्याला दिसावा म्हणून दादाने मान वळवली आणि तो भिंतीकडे बघू लागला.