खुशालनं एकदाच विचारलं

"हे कोठचं असंल, भिवा?"

खुशालने दोन बोटांत धरलेली स्प्रिंग उन्हात वर केली. करंगळीएवढी, तेलाने काळी पडलेली. सोबत बोटाच्या पेराएवढी एक लोखंडी टोपी. ताडपत्रीवर मांडलेले ऑस्टिन गाडीचे बाकी सगळे भाग इंजिनात गेले होते. भंगाराच्या डब्याशेजारी एवढे दोनच उरले होते.

भिवाजीने बघताक्षणी ओळखले. तेलाचा दाब राखणारी स्प्रिंग; ती नसली तर बेअरिंगांना तेल पुरत नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला एका नटाच्या आत तिची जागा. त्यानेच ती धुवायला काढली होती आणि भोकात माती जाऊ नये म्हणून नट तेवढा परत बसवला होता; बाहेरून काही कमी दिसत नव्हते.

"काय की," तो म्हणाला. "या डब्यात धा गाड्यांचं भंगार हाये. कशातलंही असंल."

खुशालने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि दोन्ही वस्तू डब्यात टाकल्या.

चौऱ्याऐंशी साल होते. आदिलाबादला सुधाकरराव वकिलांच्या अंगणात बावीस वर्षे या गाडीला भिवाजीशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. विलायती गाडी, सामान मिळत नसे. जीपचा पट्टा कापून, लॉरीचे पॅकिंग तासून त्याने ती चालती ठेवली होती. यंदा ती निळा धूर सोडू लागली, चढावर दम टाकू लागली. त्याने इंजिन उघडले तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. रिंगा शोधण्यात दीड महिना गेला. वकिलांच्या आई जयवंताबाईंना याच गाडीतून एकदा तामसीला, माहेरी जाऊन यायचे होते. पाय आता साथ देत नव्हते. वकिलांचा धीर सुटला. कुणीतरी खुशालचे नाव सुचवले.

खुशाल आणि भिवाजी नार्नूरच्या एकाच गल्लीतले, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पुढे खुशाल बेल्लमपल्लीला कोळसा कंपनीच्या वर्कशॉपात लागला. क्वार्टर मिळाले, आता पेन्शनही. त्याने दुसऱ्याच इंजिनाच्या रिंगा आणल्या, कानशीने घासून मापात बसवल्या. हे आपल्याला का सुचू नये, म्हणून भिवाजी दोन दिवस नीट जेवला नव्हता.

त्याहून जास्त लागली ती खुर्ची. पहिल्याच दिवशी वकील म्हणाले, "खुशालराव, या, बसा ना." आणि ओसरीवर खुर्ची आली. भिवाजी बावीस वर्षे पायरीवर बसून चहा पीत आला होता. पायरी त्याला कधी खुपली नव्हती.

संध्याकाळी इंजिन सुरू झाले. धूर नाही. ओसरीवरून जयवंताबाईंनी हात जोडले. "याला म्हणतात शिकलेला हात," वकील म्हणाले.

आवाजाच्या तळाशी एक बारीक टकटक होती. भिवाजीला ती ऐकू आली. खुशालही स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून वाकला, मग सरळ झाला आणि त्याने बॉनेट लावले. तेलाचा दाब दाखवणारा काटा तर कैक वर्षांपासून बंद होता.

सकाळी भिवाजी स्प्रिंगचे सांगायचेच ठरवून गेला. गाडी फाटकातून निघतच होती. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"काय रे भिवाजी?" वकिलांनी मान बाहेर काढली. "पाहिलं ना? तुला दीड महिना जमलं नाही ते खुशालरावांनी आठवड्यात करून दाखवलं."

मागे जयवंताबाई नव्या लुगड्यात बसल्या होत्या. "येतो का रे तामसीले?" त्यांनी विचारले.

"नाई, आईसाहेब," भिवाजी म्हणाला आणि बाजूला झाला.

म्हातारी माहेरी पोचली, भावाच्या घरी जेवली. परतताना अर्ध्या वाटेत इंजिनाने खडखडाट केला आणि गप्प झाले. मायलेक बसने आले. गाडी दुसऱ्या दिवशी बैल जुंपून आणली. तेलावाचून बेअरिंगे वितळली होती, पिस्टनचा एक दांडा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडाच, फोडून बाहेर आला होता. असा ब्लॉक आता कुठेच मिळणार नव्हता.

"काय केलं तू हे?" वकील खुशालला अंगणभर ऐकू जाईल असे म्हणाले. "माझ्या वडिलांची गाडी होती."

'खुशालराव' गेले होते, 'तुम्ही'ही गेले होते. हे ऐकायला आपल्याला गोड वाटेल असे भिवाजीला वाटले होते. त्याला वर बघवेना.

"चूक माझी हाये, साहेब," खुशाल म्हणाला. त्याने आपली हत्यारे पुसून पिशवीत भरली.

भिवाजी त्याच्या मागोमाग बसस्टँडवर गेला, बसमध्येही चढला.

"ते मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "स्प्रिंग कोठची ते. म्याच काढली होती."

खुशाल खिडकीकडे सरकला. भिवाजी शेजारी बसला.

"तुह्या तोंडावरून समजलं होतं," खुशाल म्हणाला.

"मंग पुन्हा काऊन नाई विचारलं?"

"लाज वाटली. सारे खुशालराव खुशालराव करून राह्यले होते. तुले दुसऱ्यांदा काय विचारू? टकटक ऐकली तवा वाटलं, नव्या रिंगा हायेत, आवाज बसंल." तो थांबला. "म्हातारीले त्या गाडीत बसवाले नाई पाह्यजे होतं मी."

"मी बी फाटकातून हटाले नाई पाह्यजे होतं."

"हो," खुशाल म्हणाला.

बस सुटली. भिवाजी उतरला नाही. कंडक्टरने तेलुगूत विचारले, कुठे जायचे.

"एक बेल्लमपल्ली," खुशाल म्हणाला. "आन् याले एक गुडीहत्नूर."

गुडीहत्नूर जवळच होते; तिथून आदिलाबादला परतायची बस मिळे. भिवाजी खाली उतरला. वकिलांकडे जाऊन हेच सगळे पुन्हा सांगायचे होते. बस हलली तेव्हा त्याने वर पाहिले. खुशाल खिडकीला टेकूनच बसला होता. शेजारची जागा रिकामी झाली तरी तिकडे सरकला नव्हता. बस उटनूरच्या रस्त्याला वळली. भिवाजीने सडक ओलांडली आणि आदिलाबादच्या बसची वाट बघत उभा राहिला.