शिमग्याला गेलेला माणूस

सुबोध परब शिमग्याला गावी गेलाय, हे मुलुंडच्या त्या आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. प्रत्यक्षात तो तिथेच, तिसऱ्या मजल्यावर, मित्राच्या बंद घरात बसून कादंबरी लिहीत होता. कोकणातल्या माणसाने लपायला याहून पक्कं निमित्त शोधून दाखवावं! शिमग्याला गेलेल्याला कोणी फोन करून छळत नाही, आणि त्या दिवसांत दाराला कुलूप दिसलं तर कोणाला नवल वाटत नाही. अर्धी बिल्डिंग गावीच असते.

मित्र नंदकिशोर खरोखरच गेला होता, चावी देऊन. रोज बँकेत जाताना सुबोधची बायको मधुवंती बाहेरच्या लोखंडी पत्र्याच्या सेफ्टी डोअरला कुलूप घाली आणि नवऱ्याचा फोन सोबत नेई. ही अट त्याचीच. पहिल्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात त्याला कोणी लिहू देत नसे. कोणाला सोसायटीचा अर्ज लिहून हवा, कोणाला मुलीचा बायोडेटा. लेखक म्हणजे फुकटचा कारकून! इकडे प्रकाशक अनुपमाबाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि आता तोंडावर सांगितलं होतं, "रंगपंचमीपर्यंत शेवटचं प्रकरण नाही आलं, तर मी हे पुस्तक सोडलं."

रंगपंचमी उद्यावर आली होती.

पुस्तक सहदेवकाकांचं होतं. म्हणजे लिहिणारा सुबोध, पण गिरणी काकांची, संप काकांचा, उपासमार काकांची. ते नंदकिशोरच्या भिंतीपलीकडेच राहत. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून यंदा मुलगा-सून गावी शिमग्याच्या पालखीला गेले आणि काका मागे राहिले. मधुवंती त्यांना डबा देई. एरवी सुबोध दिसला की ते चिडवत, "माझी गोष्ट माका कधी वाचूक गावतली रे? वर गेल्यावर पार्सल करतलंस?" सुबोध हसे आणि विषय बदले. त्यांच्या हातात पुस्तक ठेवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. तरी त्यांनाही त्याने मधुवंतीला आपण गावी गेल्याचंच सांगायला लावलं. काकांना कळलं असतं, तर गप्पांना ऊत आला असता.

त्या दुपारी शेवटचं प्रकरण एकदाचं सुरू झालं आणि भिंतीवर टकटक सुरू झाली. कोणीतरी खिळा ठोकतंय, असं त्याला वाटलं. संतापच आला. आजच मुहूर्त लागला का यांना? त्याने कानात कापसाचे बोळे कोंबले आणि लिहीत सुटला. इतकं सुरेख लिखाण त्याच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

शेवटचं वाक्य लिहून त्याने बोळे काढले, तेव्हा ऊन उतरलं होतं. टकटक अजून चालूच होती, पण थांबून थांबून. इतका वेळ खिळा कोण ठोकतं? त्याने भिंतीला कान लावला.

"सुबोधा..." पलीकडच्या मोरीतून आवाज आला. "मी पडलंय रे."

सुबोध ताडकन उठला. तो दाराकडे धावला, लाथा घातल्या. लोखंड हललं नाही. खिडकीला ग्रिल. मजल्यावर बाकी सगळी दारं बंद, सगळे शिमग्याला. ग्रिल धरून तो घसा फुटेस्तोवर ओरडला. बऱ्याच वेळाने वॉचमन धोंडिरामने मान वर केली.

"साहेब, तुम्ही? तुम्ही तर गावाला गेलाय ना?"

"अरे, सहदेवकाका पडलेत! वर ये!"

धोंडिराम दोन-चार माणसं घेऊन धावत आला. आरडाओरडा कुलूपबंद घरातून येत होता, म्हणून काकाही तिथेच पडलेत असं समजून ते त्याच कुलपावर हातोडा घालू लागले. "मी नाही! बाजूचं दार फोडा!" सुबोध आतून ओरडत होता, पण हातोड्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना. "घाबरू नका साहेब, काढतो तुम्हाला," धोंडिराम धीर देत होता. कुलूप चांगल्या कंपनीचं होतं. टकटक कधी थांबली, ते सुबोधला कळलंच नाही.

मग काकांचं दार फोडलं. काका मोरीत भिंतीला टेकून पडले होते, हातात स्टीलचा तांब्या. अंग अजून कोमट होतं. सुबोध त्यांना हाका मारत राहिला. शेवटी धोंडिरामनेच त्याला बाजूला केलं.

मधुवंती आली ती दारातच थांबली. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं रे. पहिल्याच दिवशी तुझा खोकला ओळखला त्यांनी. मला म्हणाले, त्याका सांगू नको, लिवूंदे. टीव्हीसुद्धा लावत नव्हते."

सुबोधने काकांच्या हॉलमध्ये पाहिलं. टीव्हीची वायर काढून, नीट गुंडाळून वर ठेवली होती.