हिरवा दिवा थोडा लांबवा

पाळणाघरासमोरच्या सिग्नलला पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो आणि बाबागाडी घेऊन मी रस्त्याच्या मध्यावर पोचते न पोचते तोच तो तांबडा होतो. मग दोन्हीकडून गाड्या, मधे आम्ही मायलेकी. रोज जीव टांगणीला.

माझी नणंद एका संघटनेत आहे. अधिकाऱ्यांच्या गळी गोष्टी उतरवणं हाच तिचा उद्योग. तिने वाहतूक खात्यातल्या इंजिनिअरसाहेबांची वेळ मिळवली आणि मला पढवलं, की मागायचं एकच: दिवा थोडा लांबवा. "आणि वहिनी, तेवढं बोलून गप्प बस. ते विचारात पडले तर पडू दे."

मागणी मी झकास मांडली. साहेब मान हलवून खिडकीबाहेर बघत बसले. ती शांतता मला काही सोसेना. म्हटलं, तुम्हाला वाटेल गाड्यांची रांग पार चौकापर्यंत जाईल. साहेब वळले. मग बसवाले कुरकुरतील आणि एकाला दिलं की प्रत्येक शाळा मागेल, हेही मीच सांगून टाकलं. टेबलाखाली नणंदेने माझ्या पायावर पाय दिला.

"खरंच की," साहेब म्हणाले, "यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं."

नणंदेच्या मांडीवर लेक पिशवीचा बंद चघळत होती. मला नणंदेकडे बघवेना.

पण साहेबांनी पेन उचललं. शेवटचा शब्द म्हणे त्यांच्या मॅडमचा, आणि मॅडम अश्शाच शंका काढतात. मागे त्यांच्यापुढे साहेबांची बोलतीच बंद झाली होती. "रांगेचं उत्तर आहे तुमच्याकडे?"

होतं ना. शंका आली की उत्तर सापडेपर्यंत मला घास उतरत नाही. लेकीला भरवताना मी घरच्या खिडकीतून बघतेच: इथला सिग्नल सुटतो तेव्हा पुढचा तांबडाच असतो, इथून सुटलेल्या गाड्या आणि बस तिथे जाऊन उभ्याच राहतात. मग इथेच थोडं जास्त थांबल्या तर त्यांचं काय बिघडलं? आणि शाळा मागतील तर मागू देत की, त्यांचीही मुलं चालतच येतात.

साहेबांनी फोनवर मॅडमची वेळ मागितली. "उद्या तुम्हीच या. आणखी शंका सुचल्या तर घेऊन या."

"त्याची काळजी नको," नणंद म्हणाली.

मॅडमनी आठवडाभर करून बघायला परवानगी दिली. सोमवारी आम्ही पलीकडच्या फुटपाथवर चढलो, तरी दिवा हिरवाच. मी संशयाने बघत उभी राहिले. काठी टेकत एक आजी अजून रस्त्याच्या मधेच होत्या, अजिबात घाई न करता. त्या पोचल्या आणि मगच तो तांबडा झाला.