नखांची टरफलं

मुलाने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर कागदाची पुडी उघडली. आत मांजरीची सात-आठ पोकळ नखं होती.

"नव्या सोफ्यावर सापडली. हिची नखं मुळापासून काढून टाका."

शेजारी त्याची आई मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. लस द्यायची आहे, असं सांगून त्याने दोघींना आणलं होतं.

"ही नुसती टरफलं आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतून नवं नख वाढलं की मांजर वरचं जुनं आवरण खरवडून टाकते. मुळापासून काढायचं तर बोटाचं शेवटचं पेर कापावं लागतं. मी ते करणार नाही."

"मग दुसरा डॉक्टर बघतो."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लस म्हणून मला फसवून आणलंस? तुझे वडील गेल्यापासून ही माझ्या उशाशी झोपते. तू एका घरात राहून महिन्यात चार शब्द बोलत नाहीस, आणि हिची बोटं कापायला निघालास?"

"आई, इथे तमाशा नको."

"तमाशा तू मांडलास. घर माझं आहे, सोफा तुझा. संध्याकाळच्या आत तो बाहेर काढ."

त्याच्या गाडीत न बसता ती टोपली घेऊन चालतच घरी गेली. वाटेत तिचा राग उतरला नाही, घरी पोचल्यावरही नाही. संध्याकाळी दोन हमाल आले. सोफा दाराच्या चौकटीत अडकला, मुलाने तिच्याकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"तिरका करा," एवढंच ती हमालांना म्हणाली.